देशकरांचं घड्याळ

२० जानेवारी १९७४, रविवार

बेलडोहच्या पंचांचं कार्ड काल आलं. कार्डावर हळदीचा डाग, डागात कुणाच्या तरी बोटाचा ठसा, आणि एका कोपऱ्याला चिकटलेलं भाताचं शीत. लिहायला बसण्यापूर्वी हात धुवावेत हे या लोकांना कोण शिकवणार? मजकूर एवढाच : "शंकरपट १६ व १७ फेब्रुवारीस ठरला आहे. घड्याळ घेऊन येणे करावे." म्हणजे निमंत्रण घड्याळाला. मी आपला ते उचलून आणणारा हमाल.

तरीही कार्ड वाचून अंगावर मूठभर मांस चढलं, हे लिहून ठेवतो. या वहीत खोटं लिहायचं नाही हा माझा जुना नियम आहे. शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, नाव काढलं की मला दुसरं काही सुचत नाही. हलक्या छकड्याला जुंपलेली एकेक जोडी एकटीच सुसाट सुटते, आणि शेवटची चुन्याची पट्टी जी जोडी सर्वांत कमी वेळात ओलांडेल ती पहिली. तो वेळ मोजतो मी, शेवटच्या पट्टीजवळच्या मचाणावर उभा राहून. तिकडे झेंडी पडली की बटण एकदा दाबायचं, इकडे पुढच्या बैलाचं पाऊल चुन्यावर पडलं की पुन्हा दाबायचं. अकरा वर्षं झाली, माझ्या घड्याळावर कुणी बोट ठेवलेलं नाही. उमरेडकडे शपथ घ्यायची वेळ आली तर लोक देशकरांच्या घड्याळाची घेतात, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आमचे पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात होते. राज्य गेलं, दप्तर गेलं, पण चोख नोंद ठेवायची खोड रक्तात राहिली.

सुमतीला कार्ड दाखवलं. बायको म्हणाली, "दोन दिवस शेणात उभं राहायचं, अन् चेहरा पहा कसा, जसं काही स्वतःचं लग्न ठरलं."

२३ जानेवारी, बुधवार

ऑफिस सुटल्यावर सीताबर्डीला जाऊन घड्याळ साफ करून आणलं. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा सदर बाजारातल्या लिलावात घेतलेलं हे घड्याळ. एका सेकंदाच्या पाच रेघा दाखवतं. पण त्या घड्याळजीने काचेवर तीनदा तोंडाची वाफ सोडली आणि तिन्ही वेळा मला कच्च्या कांद्याचा वास आला. नंतर ज्या फडक्याने नाक पुसलं त्याच फडक्याने काच पुसली. मी घरी येऊन घड्याळ पुन्हा स्पिरिटने पुसलं आणि मग हात साबणाने धुतले. जग इतकं घाण असण्याची काही गरज आहे का?

अंगठ्याचा सराव आजपासून सुरू. घड्याळ चालतं स्प्रिंगवर, पण न्याय होतो अंगठ्यावर. सुमतीने चहा गाळला : अकरा सेकंद, तीन रेघा. चारूने, म्हणजे आमच्या मुलीने, झोपायच्या आधी वेणी घातली : एक मिनिट चार सेकंद. खाली एक माणूस आमच्या भिंतीशी उभा राहिला : एकोणीस सेकंद. त्याला वरून ओरडलो तेव्हा त्याने मान वर करून नमस्कार केला.

२९ जानेवारी, मंगळवार

आमच्या टेबलाशेजारचा ताराचंद यंदा माझ्याबरोबर येणार आहे. मी बोलावलेलं नाही. तोच म्हणाला, "देशकर, अबकी बार मी तुमचा असिस्टंट. मचाणावर उभं राहाले भेटन, बस, और क्या पाहिजे?" हे बोलताना तो माझ्या डब्यातली वांग्याची फोड खात होता. फोड खाऊन बोटं त्याने फायलीच्या सुतळीला पुसली. सरकारी फाईल! त्या फायलीला आता दहा वर्षं वांग्याचा वास राहणार.

नाही म्हणायचं होतं. म्हटलं नाही. माझ्या स्वभावातली ही एक भेकड बाजू आहे, पटावर मात्र ती कधी दिसत नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

दुपारी चारला जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार उघडतो तर भैयाजी. भिवापूरकडचा मोठा शेतकरी, दीडदोनशे माणसं पोसतो, आणि त्याची तुफान-वाघ्या ही जोडी गेली दोन वर्षं बेलडोहला पहिली येते आहे. पाठीवर पोतं. स्वतःच्या पाठीवर, गडी नाही. आल्या आल्या जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखूची पिंक टाकली, धोतराच्या सोग्याने मिशा पुसल्या, आणि तेच हात माझ्या हाताला भिडवले.

"काहून जी देशकर साहेब, वळखलं नाई काय? वयनीसाठी मिरची आनली. घरची हाय, भिवापुरी. वर्षभर पाहा लागनार नाई."

पटाच्या बरोबर दोन आठवडे आधी! माझा अकरा वर्षांचा लौकिक एका पोत्यात बांधून न्यायला आला होता तो माणूस. मी सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "भैयाजी, पटाच्या आधी मी कुणाच्या घरचं मीठसुद्धा खात नाही. उचला ते पोतं."

मला वाटलं तो गुर्मीत येईल. त्याने पोत्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तेबी बरोबर हाय तुमचं. माह्या ध्यानातच नाई आलं. पट झाल्यावर आनीन." पोतं पुन्हा पाठीवर घेऊन खाली उतरला आणि उतरताना पुन्हा थुंकला. नाटकी माणूस! ध्यानात आलं नाही म्हणे. मी दोन बादल्या पाणी ओतून जिना धुतला. तंबाखूचा वास जाईना म्हणून वर फिनेल टाकलं.

सुमती स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. म्हणाली, "भिवापुरी होती हो. इतवारीत अशी डोळ्याला दिसत नाही. तुम्ही प्रामाणिक राहायचं अन् फिकी भाजी आम्ही खायची." मी म्हटलं, लाच होती ती. ती म्हणाली, "लाच देणारा पोतं स्वतः उचलून आणत नाही. अन् दिवसाढवळ्या तर नाहीच नाही." बायकांना जगाचा अनुभव नसतो.

४ फेब्रुवारी, सोमवार

भाजीत तिखट नव्हतं. मुद्दाम.

१० फेब्रुवारी, रविवार

पंचांनी कळवलं होतं की यंदा धावपट्टी नवीन जागी आखली आहे, एकदा नजरेखालून घालावी. म्हणून सकाळच्या छोट्या गाडीने उमरेड गाठलं आणि तिथून बेलडोह. डब्यात कोंबड्या होत्या. त्यांतल्या एकीने माझ्या बुटावर जे केलं ते लिहीत नाही.

पट्टी पाहिली, बरी आहे. परत येताना उमरेडात बाबनरावांकडे गेलो. जायचं ठरलं नव्हतं, वाटेतच घर आहे, म्हणजे वाट थोडी वाकडी केली तर वाटेतच आहे. बाबनराव कोष्टी. वडिलांचे चार माग होते, आता एकच उरलाय आणि तोही हौसेपुरता. स्वतः विणकर सोसायटीत कारकून आहेत. पण काय टापटीप! अंगण सारवलेलं, कपबशी माझ्यासमोर गरम पाण्याने विसळलेली, बोटांची नखं कापलेली. बोलणंही हळू. या तालुक्यात एवढा एकच माणूस मी असा पाहिला की ज्याच्या शेजारी बसताना श्वास रोखावा लागत नाही.

आणि पाखऱ्या! जोडीतला उजवा बैल. दुसरा सोन्याही चांगला आहे, पण पाखऱ्या म्हणजे पाखऱ्या. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, शिंगं मागे वळलेली, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी रेघ. बाबनराव त्याला रोज साबणाने धुतात. मी पुढे गेलो तर त्याने माझा तळहात चाटला. एरवी जनावराची लाळ लागली असती तर मी विहिरीवर धावलो असतो. आज हात तसाच ठेवला. गाडीत बसेपर्यंत धुतला नाही.

बाबनराव म्हणाले, "याचा हा आखरीचा पट जी. पुढच्या साली नाही पळनार. एकदा पहिला आला असता तं त्याच्या जन्माचं सोनं झालं असतं. पन तुमच्यापाशी मी काही मागत नाही. तुमच्यापाशी मागनं म्हणजे पाप."

किती फरक असतो माणसामाणसांत! एक पोतं घेऊन चढतो, दुसरा मागणं पाप समजतो.

पाखऱ्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर चार-पाच बारीक टिपके दिसले, वाळलेल्या रक्ताचे. ओढ्याकाठच्या बाभळींतून आणतात त्याला, काटे लागत असणार. मी पाहतोय हे पाहून बाबनरावांनी लगेच हळद-तेल लावलं. लेकरासारखं जपतात.

निघताना त्यांनी स्वतः विणलेलं पांढरं उपरणं माझ्या खांद्यावर घातलं. घेतलं. याला भेट म्हणता येणार नाही. मचाणावर ऊन असतं, घाम डोळ्यांत गेला तर वेळ चुकू शकते. म्हणजे उपरणं हे कामाचं सामान झालं. मिरचीने काही घाम पुसता येत नाही.

सुमतीने उपरणं हातात घेऊन पाहिलं, काठ पाहिला, घडी घातली. "छान विणलंय," एवढंच म्हणाली. तिचा स्वर मला आवडला नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

तयारी पूर्ण. पांढरी पँट निळीत घालून कडक इस्त्री केली. कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे केले. शिट्टी उकळत्या पाण्यातून काढली, कारण गेल्या वर्षी ती सरपंचाने वाजवून पाहिली होती. घड्याळाला नवी काळी दोरी. फिनेलची बाटली, साबण, तांब्या, स्वतःचं ताट, स्वतःची चादर. पंचांचे नियम माझ्या अक्षरात नव्याने लिहून काढले. नियम तिसरा : हाकायच्या काठीला आर, म्हणजे टोचायचा खिळा, आढळल्यास जोडी तिथल्या तिथे बाद. हा नियम पाच वर्षांपूर्वी मीच घालायला लावला. मुक्या जनावराला खिळा टोचून पळवणं यासारखी किळसवाणी गोष्ट जगात दुसरी नाही. भैयाजीच्या काठ्या यंदा मी स्वतः तपासणार.

ऑफिसच्या भिंतीवरल्या घड्याळाशी ताडून अंगठ्याची परीक्षा घेतली. चाळीस वेळा दाबलं, एकदाही एका रेघेहून जास्त चूक नाही. ताराचंद टाळ्या वाजवत म्हणाला, "अरे बापरे, अंगूठा है की मशीन!" आतून फार बरं वाटलं. बाहेरून त्याला गप्प बस म्हटलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार. बेलडोह

धूळ, शेण, तेलकट भज्यांचा धूर, आणि माणसं माणसांच्या अंगावर. सरपंचाच्या पडवीत उतरलोय. माझ्या चादरीवर बसून ताराचंदने शेंगा सोलल्या. पाहुण्यांची ही गर्दी, गावातल्या प्रत्येक घरात सोयरे, पटाच्या निमित्ताने पोरी दाखवायचे कार्यक्रम. सकाळपासून तिघांनी मला तुमची पोरगी केवढी म्हणून विचारलं. चारू चौदा वर्षांची आहे म्हटल्यावर एकजण म्हणाला, "मंग पाहा ना जी, दोन सालानं." शिसारी आली.

सकाळी पट सुरू होण्याआधी भैयाजीच्या तळावर जाऊन काठी मागितली. त्याच्या धुरकऱ्याने, म्हणजे जोडी हाकणाऱ्याने, निमूटपणे दिली. वरून खालून बोट फिरवलं. खिळा नाही. टोकाला कापडाची गुंडाळी. भैयाजी बैलांच्या शेजारी जमिनीवर बसून एकाच भाकरीचा एक घास आपण, एक वाघ्याला, असा जेवत होता. वाघ्याने अर्धी चाटलेली भाकर त्याने पुन्हा तोंडात घातली. मला तोंड फिरवावं लागलं.

बाबनरावांची काठी तपासली नाही. तिथे गरज नव्हती.

आज सव्वीस जोड्या धावल्या. उद्या शेवटच्या फेरीत दोनच : भैयाजीची आणि बाबनरावांची. माझं घड्याळ दिवसभर एकदाही कुणी मागून पाहिलं नाही. मी आकडा सांगायचो आणि मैदान तो मान्य करायचं. हजारो माणसं एका अंगठ्यावर विश्वास ठेवतात, याची भीतीही वाटते आणि चटकही लागते.

१७ फेब्रुवारी, रविवार

तुफान-वाघ्या : नऊ सेकंद, दोन रेघा. पाखऱ्या-सोन्या : नऊ सेकंद, एक रेघ. पाखऱ्या पहिला.

दमलो आहे. जास्त लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात ताराचंद सगळ्यांना सांगत सुटलाय. प्रत्येक टेबलापाशी बैलांचा वेग वाढतो. त्याचा आवाज ऐकून डोकं उठलं.

काल असं झालं. भैयाजीची जोडी आधी धावली. आकडा सांगितला, मैदान गरजलं. मग बाबनरावांची. झेंडी पडली, मी दाबलं. पाखऱ्या असा आला की पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. मान पुढे, तोंडाला फेस, डोळे पांढरे. मी दाबलं. आकडा पाहिला आणि ओरडून सांगितला. लोकांनी बाबनरावांना उचललं. भैयाजीची माणसं कुरकुर करू लागली, की डोळ्याला तर आपली जोडी जलद दिसली. तेव्हा भैयाजी मचाणाखाली आला. मला वाटलं आता शिव्या. तो वळून आपल्याच माणसांवर ओरडला, "चूप बसा गा! देशकर साहेबाचं घड्याळ हाय थे. त्याच्यात खोट निंगन तं सूर्य मावळतीले उगवन. हरलो म्हना अन् फेटा बांधाले चाला." आणि आपल्या हाताने त्याने बाबनरावांना मानाचा फेटा बांधला.

मैदानावर एवढी धूळ होती. धुळीने घड्याळाच्या आत काहीतरी अडकू शकतं. तपासायला हवं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत भिंतीवरल्या घड्याळाशी साठ वेळा ताडून पाहिलं. एका रेघेचाही फरक नाही. शेवटी ताराचंदने विचारलं, "क्या हो गया देशकर, घड्याळावर का चिडून राहिले?"

उन्हाळ्यासारखं ऊन होतं त्या दिवशी. माझ्या डोळ्यांवर ताण आला होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. नंबर तोच आहे.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

या वहीत खोटं लिहायचं नाही.

आधी बटण टक् झालं. मग पाखऱ्याचं पाऊल चुन्यावर पडलं. पांढरी धूळ उडाली ती मी पाहिली, आणि तेव्हा काटा आधीच थांबलेला होता. बटण दाबलं तेव्हा पाखऱ्या पट्टीपासून चांगला दोन बैलांच्या लांबीइतका दूर होता. निदान दोन रेघा. म्हणजे नऊ सेकंद तीन रेघा. म्हणजे भैयाजीची जोडी जिंकली होती.

मी ठरवलं नव्हतं. हे कुणाला सांगितलं तर कुणी मानणार नाही, पण खरंच ठरवलं नव्हतं. "ये रे बाबा, ये रे" असं मी मनात म्हणत होतो, मोठ्यानेही म्हटलं असेल, आणि अंगठा त्याच्या स्वागताला पुढे गेला. पण आकडा सांगायला तोंड उघडलं तेव्हा मला माहीत होतं. त्या वेळी थांबून म्हणता आलं असतं, चुकलो, पुन्हा पळवा. पटात असं होतं, कुणी हसलं नसतं. मी छातीवर हात ठेवून खणखणीत आवाजात खोटा आकडा सांगितला.

अजून एक आहे. तेही लिहितो. मचाणावरून उतरून मी पाखऱ्याला पाहायला धावलो. पुठ्ठ्यावर नवे टिपके होते, ओले, आणि मागच्या पायावरून एक बारीक लाल ओघळ. बाभळी तिथे कुठेच नव्हत्या. बाबनराव छकड्याच्या आड उभे राहून काठीचं टोक पुसत होते. पुसायला माझ्या उपरण्यासारखंच पांढरं उपरणं घेतलं होतं. त्याच्यावर टिकल्यांएवढे लाल डाग पडले होते. मला पाहून ते हसले, उपरण्याची नीट घडी घातली, डाग आत, आणि म्हणाले, "तुमच्या घड्याळाची कृपा, जी."

नियम तिसरा. माझ्या अक्षरातला. मी तसाच मागे फिरलो. ती काठी धरली असती तर त्यांनी माझ्या अंगठ्याचं नाव काढलं असतं की काय, कोण जाणे. माझा अंगठा कुणाकडे ओढ घेईल हे त्यांना माहीत होतं. मला वाटतं उमरेडला कप विसळत होते तेव्हापासून माहीत होतं.

आयुष्यभर मी लोकांच्या नखांतली घाण पाहत आलो. आज ऑफिसात हात धुवायला गेलो आणि नळाखाली स्वतःच्या अंगठ्याकडे पाहून मला खरोखरच उलटी झाली.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

पंचांना पत्र लिहिलं. चार ओळी. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि पाकीट खिशात घेऊन परत आलो. उद्या टाकतो.

२४ फेब्रुवारी, रविवार

जिन्यावर तीच धाडधाड पावलं.

मी ठरवूनच दार उघडलं. पत्र नको, तोंडानेच सांगू, माणसासारखं. भैयाजीने पोतं उतरवलं, जिन्याच्या त्याच कोपऱ्यात पिंक टाकली आणि आत येऊन जमिनीवर बसला. खुर्ची दिली तर म्हणाला, धोतराले धूळ हाय, खुर्ची खराब होईन.

मी म्हणालो, "भैयाजी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. पाखऱ्याच्या वेळेला..."

"मले मालूम हाय तुमी काय म्हननार. घेत नाई म्हनसान," तो हात वर करून म्हणाला. "आता नाई आयकनार म्या. पट झाला, निकाल लागला, म्या हरलो. आता कोन्ती लाच जी? त्या दिवशी तुमी पोतं वापस केलं तवा मले रस्ताभर लाज वाटली. घरी गेल्यावर सांगतलं सगळ्याइले, असा मानूस पाह्यला नाई. आमच्या गावात दोन सालापासून कटकट होती, भैयाजी मोठा हाय म्हनून त्याची जोडी पहिली येते म्हने. आता म्या हरलो तं समद्याइचे तोंडं बंद झाले. तुमच्या घड्याळानं माही अब्रू साफ केली, पाहा."

सुमतीने पाणी आणलं. तो तांब्या वर धरून घटघट पाणी प्यायला लागला.  पाणी संपायला दहा-बारा सेकंद तरी लागले. तेवढ्या वेळात जोडी सारं मैदान ओलांडते. मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

तांब्या खाली ठेवून त्याने मिशा पुसल्या. "पाखऱ्या पुढच्या आयतवारी दुसऱ्या पटात जाऊन राहिला, आयकलं काय? बाबनरावानं नाव देल्लं." आखरीचा पट! मी रिकामा तांब्या उचलून आत ठेवून आलो.

तो जाताना सुमतीने त्याला वाकून नमस्कार केला. ती असा कुणालाही करत नाही. मी पोत्याकडे पाहत उभा राहिलो. मग जिना धुवायला बादली घेतली, भरली, आणि तशीच न्हाणीत ठेवून दिली. त्या पिंकेला घाण म्हणायचा मला काही अधिकार राहिला आहे असं वाटलं नाही.

३ मार्च, रविवार

पंचांचं कार्ड काल आलं. पुन्हा हळदीचा डाग. पुढच्या वर्षीचं आमंत्रण आत्तापासूनच, आणि खाली भैयाजीच्या सांगण्यावरून ठराव केल्याचं लिहिलं आहे की यापुढे बेलडोहच्या पटात दुसरं कुठलंही घड्याळ लागणार नाही. पंचांना लिहिलेलं ते पाकीट अजून कोटाच्या खिशात आहे. तिकिटाचा कोपरा निघून आलाय. बाबनरावांचं उपरणं सुमतीने आज लादी पुसायला काढलं. मी तिला काही सांगितलेलं नाही, आणि तिने काही विचारलेलं नाही.

आठवडाभर ती आणि चारू गच्चीवर बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. घरभर मिरचीचा खकाणा. आज कांडून झालं. तीन मोठ्या बरण्या भरल्या, वर हिंगाचा खडा ठेवला, तोंडाला फडकी बांधली. बरण्या फळीवर ओळीने लावून सुमती मागे सरून पाहत म्हणाली, "चला, वर्षभर पुरेल."

दुपारी त्याच तिखटाची रस्सा भाजी होती. पहिल्या घासाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुमतीने तांब्या पुढे केला. "जास्त झालं काय हो? उद्यापासून कमी टाकू?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे. इतकंच टाकत जा."

ताटात काही उरू दिलं नाही.